पन्नास नंबरचं तेल

आमच्या दवनीवाड्यात कोणाच्या घरी काय शिजतंय हे वासावरून कळतं, आणि आमचा ट्रक घरी आला हे आवाजावरून. ट्रकचं नाव चांद्या. बाबांची शेवटची बैलजोडी थकली तेव्हा त्यांनी हा जुना ट्रक घेतला आणि जोडीतल्या लाडक्या बैलाचं नाव त्याला देऊन टाकलं. पुढे वागवलंही बैलासारखंच. पोळ्याला चांद्याच्या आरशांना बेगड लागायची, बॉनेटवर झूल चढायची आणि आदल्या संध्याकाळी खांदशेकणी व्हायची. बैलाच्या मानेवर जू घासतं तिथे कोमट तूप-हळद चोळतात ना, तीच. ट्रकला खांदा कुठला, असं विचारायची घरात कोणाची छाती नव्हती. बाबा बॉनेट उघडायचे, इंजिनाच्या उजव्या अंगाला दोन्ही हातांनी तूप-हळद चोळायचे आणि म्हणायचे, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मी दामिनी, कवडूची थोरली. मी तापट आहे असं गाव म्हणतं. मी फक्त लवकर तापते आणि उशिरा निवते, एवढंच. मोठ्या गाड्यांचं लायसन काढलं त्यालाही बराच काळ झाला होता. पण ते लायसन माझ्या पर्समध्ये आणि चांद्याची किल्ली बाबांच्या कमरेच्या करगोट्याला, असा आमचा संसार चालला होता.

औंदा मात्र बाबांचा गुडघा क्लच दाबताना ओरडायला लागला. गुडघा आणि बाबा दोघेही ओरडायचे, म्हणून लपवायची सोय उरली नाही. चांद्याला कोणाच्या हाती द्यायचं, यावर ओसरीत बैठक बसली. कामठ्याहून माझा आतेभाऊ विक्की आला. विक्की वाईट नाही, पण मामासमोर त्याची मान फक्त वरून खाली हलते.

"मामा, तुमी म्हणाल तसाच चालवीन गा मी," तो म्हणाला.

"अन् मी?" मी विचारलं. "मी काय इथं भाकरी थापाले लायसन काढली का?"

"तुले येते चालवाले, मी नाई म्हणून नाई राहिलो," बाबा म्हणाले. "पन गाडी चालवनं येगळं, सांभाळनं येगळं. चांद्याले कोनतं तेल पायजे, थे कळते का तुले?"

झालं. आमच्या घरातल्या सगळ्या वाटा शेवटी इंजिनाच्या तेलाकडे जातात.

त्याचं असं होतं. इंजिन तापलं आणि गाडी उभ्या-उभ्या चालू ठेवली की डॅशबोर्डवरचा तेलाचा काटा हळूच लाल पट्ट्यात उतरायचा. म्हणजे इंजिनात तेल जोरानं फिरत नाही. बाबांचं निदान ठरलेलं होतं, इंजिन म्हातारं, त्याला जाड तेल पाहिजे. आधी चाळीस नंबर टाकायचे, मग पन्नास नंबर आलं. नवं तेल पोळ्याच्या आधी, वर्षातून एकदा. पाटावर बसून अंगठा आणि बोट तेलात बुडवून त्याची तार ओढायचे, जिलेबीचा पाक बघावा तशी. तार तुटली नाही की खूश. औंदा तर त्यांनी पन्नासमध्ये मिसळायला एक डबा हेरला होता, तेल आणखी घट्ट करणारा.

"बरोबर हाये मामा," विक्की म्हणाला. त्याला चिमटा काढला असता तरी तो हेच म्हणाला असता.

मला मात्र रोज सकाळी दुसरंच काही ऐकू यायचं. चांद्या उठताना कडकडायचा. सुके बोरू एकदम मोडावेत तसा आवाज, आणि थोड्या वेळानं शांत. आमगावला रेल्वे फाटकाजवळ केशोराव मिस्त्रीची शेड आहे. तिथं मी एकदा त्यांना विचारलं होतं. ते म्हणाले, "बेटी, ठंडे इंजन में मोटा तेल ऊपर चढने को टाइम लेता है. तब तक लोहा लोहे को घिसता है." डब्यावर लिहिलेलं '१५ डब्ल्यू ४०' हे काय असतं, तेही त्यांनीच सांगितलं. पहिला आकडा थंडपणी किती पातळ राहील त्याचा, दुसरा तापल्यावर किती दम धरेल त्याचा. चांद्यासाठी कंपनीनं हेच तेल सांगितलं होतं. बाबांचं पन्नास नंबर एकाच आकड्याचं, सकाळी हट्टी आणि दुपारी बरं.

हे बाबांना तोंडानं सांगून पटणार नव्हतं. मी मायच्या दोन स्टीलच्या वाट्या उचलल्या. एकीत बाबांचं तेल, दुसरीत माझं. आधी थंड असतानाच वाट्या कलंडवल्या. बाबांचं काकवीसारखं वाटीलाच धरून बसलं, माझं सरळ वाहिलं.

"पाह्य!" बाबा खूश झाले. "तुयं पाणी हाये पाणी."

मग दोन्ही वाट्या उकळत्या पाण्याच्या पातेल्यात बसवल्या आणि तापल्यावर पुन्हा कलंडवल्या. आता दोन्ही तेलं जवळपास सारखीच धावली. बाबांनी बोट बुडवलं, हाय हाय करत झटकलं, आणि तार ओढून बघितली. दोन्हीकडे तार तुटली.

"सांगा आता," मी म्हणाले. "इंजिनात तेल गरमच राहते ना? मंग सकाळी कायले त्याच्या नरड्यात गोळा कोंबता?"

बाबा भाजलेल्या बोटावर फुंकर घालत बसले, माय मात्र उसळली. "माह्या वरणाच्या वाट्या होत्या त्या, रांडे!" तिनं चिमटा उगारला. त्या वाट्यांत पुढे वरण कोणी घेतलं नाही. एकीत आता मांजर दूध पितं, दुसरी कुठे गेली ते माय सांगत नाही.

शेवटी बाबांनी निकाल दिला. खांदशेकणीच्या दिवशी सालेकशाला युरियाची पोती पोचवायची होती. "तुयं तेल टाक. भरली गाडी तू चालव. काटा लालात नाई गेला, त किल्ली तुयी. गेला, त विक्कीची. मंग रडाचं नाई."

"रडते कोन?" मी म्हणाले.

त्या सकाळी चांद्या न कडकडता उठला. मी बाबांकडे बघितलं. ते मुद्दाम दुसरीकडे बघत होते, पण त्यांचे कान चांद्याकडेच होते. विक्की मधे बसला, मांडीवर तेल घट्ट करणारा तो डबा घेऊन, देवळात नारळ नेतात तसा. दोन्ही बाजूंना रोवणी उरकलेली धानाची शेतं, रस्ता ओला, गाडी भरलेली, आणि स्टेअरिंग माझ्या हातात. मी गाणं म्हणायला लागले. बाबा म्हणाले, "काटा पाह्य." मी काटाही बघत होते. जागेवर होता.

आमगावचं फाटक बंद मिळालं. एक मालगाडी गेली, तरी फाटक उघडेना. इंजिन तापलेलं, चांद्या उभ्या-उभ्या फुरफुरत होता. आणि काटा खाली सरकायला लागला. सरकत सरकत लाल पट्ट्यात जाऊन बसला.

मी लगेच इंजिन बंद केलं. विक्कीनं डबा मांडीवरून उचलला, माझं तोंड बघून परत ठेवला. बाबा हळू आवाजात म्हणाले, "जाऊ दे पोरी. इंजिनच म्हातारं हाये, तुयी गलती नाई. टाक विक्कीवालं." ते ओरडले असते तर मी भांडले असते. ते मायेनं बोलले, म्हणून माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रडायचं नाही असं ठरलं होतं, तरी आलं. चांद्या माझ्या हातून जात होता आणि मला तो फार हवा होता, इतकं साधं होतं ते.

डोळे पुसायला मान फिरवली तर काटा लाल पट्ट्याच्या पार तळाशी पडलेला दिसला. पट्ट्यावर एक जुना ओरखडा आहे, इंजिन बंद करण्याआधी काटा बरोबर त्याच्यावर थांबला होता. आणि मला आठवलं, पन्नास नंबर असतानाही तो तिथेच थांबायचा. त्याआधी चाळीस होतं तेव्हाही तिथेच.

"बाबा," मी म्हणाले, "जाड तेल होतं तवाबी काटा ओरखड्यावर. पातळ हाये तरीबी ओरखड्यावर. तेल बदललं त काटा थोडा तरी हलाले नोको का?"

"म्हंजे?"

"म्हंजे तो तेलाकडे पाहूनच नाई राहिला!"

मी खाली उतरले आणि बॉनेट उघडलं. गरम हवेचा लोट तोंडावर आला, आणि त्यात असा वास होता की मला भूक लागली. डिझेलचा होता, जळक्या रबराचा होता, आणि त्यांच्या मधून खमंग, करपल्या तुपाचा.

केशोराव शेडमधून आलेच, फाटकावर बॉनेट उघडलं की ते न बोलावता येतात. मी म्हणाले, "काका, तुमचा मीटर लावून पाहा." त्यांनी स्वतःचा मीटर इंजिनाला जोडला, मला गाडी चालू करायला लावली. त्यांच्या मीटरचा काटा ताठ उभा. तापलेलं इंजिन, उभी गाडी, पातळ तेल, आणि काटा ताठ.

"प्रेशर तो एकदम बढिया है, कवडूभाऊ. डॅशबोर्डवाला झूठ बोल रहा." मग ते इंजिनाच्या उजव्या अंगाला वाकले. तिथं एक बटणाएवढा भाग असतो, तो तेलाचा जोर मोजतो आणि एका तारेनं डॅशबोर्डच्या काट्याला कळवतो. केशोरावांनी ती तार उपसली. तिच्या टोकावर पिवळंकाळं, चिकट, जाड लिंपण होतं. त्यांनी नखानं थोडं काढलं, नाकाशी नेलं.

"ये क्या है? हल्दी?"

मी बाबांकडे बघितलं. विक्कीनंही बघितलं. बाबा फाटकाकडे बघत होते, फाटक उघडलं का म्हणून.

"खांदशेकनी," मी म्हणाले.

दर पोळ्याला बाबा चांद्याच्या खांद्याला तूप-हळद चोळत आले होते, आणि चांद्याचा खांदा म्हणून त्यांनी नेमकी तीच जागा धरली होती. थरावर थर, त्यात रस्त्याची धूळ. इंजिन तापलं की तूप पाघळायचं आणि तारेच्या टोकात शिरायचं, की काट्याला निरोप अर्धाच पोचायचा. काटा पडला की बाबा तेल जाड करायचे, आणि पोळ्याला आणखी तूप लावायचे. चांद्या बिचारा माया सोसत होता.

केशोराव हसता हसता खाली बसले. मग विक्की हसला, मामासमोर पहिल्यांदाच न विचारता. बाबांनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग त्यांचंही पोट हलायला लागलं. "घरचं तूप होतं बाप्पा," ते म्हणाले, "डालडा नोता," आणि आमच्यापेक्षा जोरात हसले.

टोक पेट्रोलनं धुतलं, तार परत लावली. डॅशबोर्डचा काटा वर गेला आणि तिथेच राहिला. सालेकशाला पोती उतरवताना राहिला, परतीच्या वाटेवर पुन्हा तेच फाटक बंद मिळालं तेव्हाही राहिला. विक्कीनं तेलाचा डबा केशोरावांकडे ठेवून दिला. "दामिनी, मले कधी कधी बसू देजो संगं," एवढंच म्हणाला. मी म्हणाले, "तुले कोन नाई म्हणते बे?"

संध्याकाळी अंगणात चांद्या धुऊन उभा केला. माय वाटीत कोमट तूप-हळद घेऊन आली. मातीची वाटी होती, उरलेल्या स्टीलच्या वाट्या तिनं लपवल्या होत्या. बाबांनी सवयीनं बॉनेटला हात घातला.

"बाबा!" मी ओरडले.

"नाई लावत, नाई लावत." त्यांनी हात मागे घेतला आणि वाटी घेऊन उभे राहिले. कुठे लावावं ते त्यांना सुचेना. चाकाकडे बघितलं, बंपरकडे बघितलं. मला वाटलं, आता वाटी माझ्या हातात देतील आणि म्हणतील, लाव तुला हवं तिथे.

त्यांनी दोन बोटं तुपात बुडवली आणि माझ्या खांद्यावर टेकवली. दिवसभर स्टेअरिंग ओढून तो दुखत होता, ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. कोमट तूप लागलं तसं दुखणं मऊ झालं.

"माही चांगली कुर्ती!" मी म्हणाले. दुसरं काही बोलायला गेले असते तर सकाळचं पुन्हा झालं असतं. "बैल समजले का मले?"

"चूप ऱ्हाय," बाबा म्हणाले. त्यांनी दुसऱ्या खांद्यालाही तूप लावलं, चोळलं, मग करगोट्याची किल्ली सोडून माझ्या हातात ठेवली. चांद्याला म्हणायचे त्याच आवाजात, तसाच मान देऊन म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."