लाखेचे दोन हात

रघुवीरने कार्बोरेटरचं झाकण काढलं आणि आत बोट घातलं. पेट्रोलवर तरंगायला हवा तो बुचाचा तुकडा तळाशी बसला होता, भिजून जड झालेला. पितळी तरंगा फुटला, नवा कुठे मिळेना, म्हणून महिन्यापूर्वी त्यानेच हे बूच तासून बसवलं होतं. पेट्रोल आत मुरू नये म्हणून वर लाखेचे दोन हात दिले होते. आता लाखेचा मागमूस नव्हता; बूच बुडालं, पेट्रोल ओसंडत राहिलं आणि इंजिन गुदमरलं.

"काय झालंय ते सांग ना रे," जयवंत म्हणाला. "चाळीत मला भित्रा म्हणतायत. गोळीबार बघून मीच टॅक्सी बंद पाडली म्हणे."

परवा लालबागच्या नाक्यावर पोलिसांनी मोर्च्यावर गोळ्या झाडल्या, तेव्हा गोळी लागलेल्या चाळीतल्या रामदासला जयवंतनेच उचलून टॅक्सीत घातलं होतं. परळला इस्पितळ समोर दिसत असताना इंजिन फुरफुरलं आणि मेलं. हातगाडी मिळेपर्यंत रामदास संपला. चोवीस वर्षांचं पोर.

रघुवीरने बूच नाकाशी नेलं. स्पिरिट. हल्ली पंपावर पेट्रोलात उसाच्या मळीचं स्पिरिट मिसळून मिळत होतं, आणि ते घ्यायला जयवंतला त्यानेच भरीला घातलं होतं. आपल्या उसाचं आहे, परदेशाला पैसा जात नाही, इंजिन ठोकत नाही. गाडी थोडी कमी पळते, टाकीत पाणी धरतं, हेही त्याने सांगितलं होतं. सगळं सांगून झालं होतं. फक्त स्पिरिटात लाख विरघळते, एवढंच त्याला आठवलं नाही. त्याचा बाप गिरगावात फर्निचरला पॉलिश करायचा. लाख स्पिरिटात भिजवूनच ते पॉलिश होतं, आणि ती भिजत घालण्यात रघुवीरचं अर्धं लहानपण गेलं होतं. अक्कल शेण खायला जाते ती अशी.

तेवढ्यात रामदासची आई, कमलाबाई, शेजारच्या दोघींचा हात धरून गॅरेजच्या दारात आली. जयवंतकडे तिने पाहिलंसुद्धा नाही.

"रघुवीरा, तू सांग. गाडी बंद पडली, की ह्येणां पाडल्यान?"

"जयवंतचा काही दोष नाही, काकी."

हे खरं होतं. इथेच थांबला असता तरी चाललं असतं. पण तिघी त्याच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि त्याने बूच फडक्यात गुंडाळलं.

"सरकारने पेट्रोलात दारू घातलीय. दारूबंदी माणसांना, गाड्यांना नाही. त्यानेच इंजिन मेलं."

नाचता येईना अंगण वाकडं. त्यातून अंगण सरकारचं, आणि त्या आठवड्यात ते सरळ आहे म्हणणारा गिरणगावात शोधून सापडला नसता. बायकांनी सरकारच्या नावाने बोटं मोडली. जयवंत बॉनेटवर डोकं टेकून ढसाढसा रडला.

कमलाबाई पुढे आली. तिने रघुवीरचे तेलकट हात आपल्या हातांत घेतले.

"म्हणजे सरकारान माझ्या झिलाक दोनदां मारल्यान."

"होय, काकी," रघुवीर म्हणाला.