बिजागरीकडून ढकलू नका

मी दिल्लीतल्या मुनिरकातला एक दरवाजा बोलतोय. एरवी मी फक्त कुरकुरतो, तेव्हा आज नीट ऐकून घ्या.

माझं लाकूड अस्सल सागवान. पूर्वी मी कोपर्निकस मार्गाजवळच्या एका बंगल्यात होतो. तिथे मला उघडायला दोन शिपाई लागायचे. एक ढकलायला आणि दुसरा, पहिला ढकलतोय का ते बघायला. माझ्या नुसत्या कुरकुरण्यानं एका बड्या साहेबाची बदली झाली होती. खोटं वाटतं? वाटू दे! पुढे बंगला पाडला. घरमालक चौधरीजींनी मला भंगारवाल्याकडून उचललं आणि इथे वरच्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीला बसवलं. चौकट लहान होती, म्हणून मला तासायला सुतार आला. त्याच्या रंध्याचं पातं मोडलं. तेव्हापासून मी अडून बसतो, आणि मला त्याची मुळीच लाज नाही.

त्यात जिना अरुंद, आणि कडीच्या बाजूला चपलांचा ढीग. म्हणून नवखा माणूस बिजागरीकडे उभा राहतो आणि तिथूनच ढकलतो. मी ढिम्म. मग आतून अक्षता ओरडते, "तिकडून नाही, कडीकडून ढकला!" दूधवाला, कुरियरवाला, सगळ्यांना तिनं हेच ऐकवलंय.

ही अक्षता जालन्याची. इथे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. बाकी सगळं पास, पण पहिल्या वर्षाचा मेकॅनिक्सचा पेपर दोनदा राहिलेला. आता राहिला तर शिक्षण बंद, घरी परत, असं तिच्या वडिलांनी, अप्पांनी, बजावलं होतं.

घोडं एकाच जातीच्या गणितांपाशी अडायचं. भिंतीला बिजागरीनं जोडलेला आडवा दांडा, टोकाला तिरकी दोरी. दोरीवर ताण किती? बिजागरी दांड्यावर किती जोर लावते तेच माहीत नाही, मग सुरुवात कुठून करायची? सर म्हणाले, "बिजागरीभोवती मोमेंट घ्या." म्हणजे प्रत्येक जोर दांड्याला तिथे किती फिरवतो ते मोजा. पण बिजागरीच का, ते सांगितलं नाही. नेटवर विचारलं, तर लोकांनी उत्तर पाठवलं. उत्तर काय, पुस्तकाच्या मागेही होतं!

मग पोरीनं खडू घेतला आणि आख्खं गणित माझ्या बाहेरच्या अंगावर उतरवलं. खाली लिहिलं, 'बिजागरीच का? कुणी सांगेल का?'

आमच्या जिन्यात यूपीएससीवाले रग्गड. जो तो येता-जाता एक ओळ खरडू लागला. समोरच्या खोलीतला सुधन्वा, त्याचा तर विषयच गणित, त्यानं मला समीकरणांनी माखून टाकलं.

"समजलं?"

"नाही."

"सिंपल आहे यार! फॉर्म्युलाच तसा आहे."

"पण तसा का आहे?"

"असले प्रश्न विचारतेस म्हणून तर पेपर राहतो तुझा."

"राहू दे. न समजता नाही लिहिणार मी."

चौधरीजी येऊन भडकले, "बेटा, ये दरवाज़ा है कि ब्लैकबोर्ड? पेंट करवा दूँगा!"

आणि मी आतल्या आत फुटत होतो. अरे शहाण्यांनो, ज्याच्यावर लिहिताय त्याच्याकडे बघा की एकदा!

पेपर तोंडावर आला आणि एका सकाळी अप्पाच दारात हजर. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या गेस्ट हाउसात सामान टाकून थेट इकडे.

"अक्षू, बॅग भर. दोन तिकिटं काढलीत."

"अप्पा? अहो, पेपर आहे माझा!"

"पुन्हा नापास व्हायला थांबायचं? जालन्यात बी.एस्सी.ला नाव घालू. दार उघड."

"उघडंच आहे."

अप्पांनी ढकललं. अर्थातच बिजागरीकडून. मग खांदा लावला. गडी एकेकाळचा पहिलवान! मी बंगल्यातली सगळी ऐट एकवटून उभा.

"तिकडून नाही अप्पा! तिथं कितीही जोर लावलात तरी काही..."

आवाज मध्येच थांबला. मग हळूच आली विचारणा, "अप्पा, परत लावता जोर? तिथंच?"

"वेडी झालीस काय?"

"लावा ना!"

अप्पा घामाघूम झाले. मी हललो नाही.

"शून्य!" ती किंचाळली. "बिजागरीवरचा जोर केवढाही असू दे, फिरवण्यात त्याचा वाटा शून्य! म्हणून तो माहीत नसला तरी चालतो!"

तिनं मला खसकन ओढून उघडलं, बाहेर आली, पुन्हा लावून घेतलं. सुधन्वाची समीकरणं ओढणीनं पुसली आणि स्वतःच्या चार ओळींत दोरीचा ताण काढला. गोंगाट ऐकून सुधन्वा बाहेर आला होता.

"बरोबर आहे का रे हे?" अप्पांनी विचारलं.

"एकदम बरोबर, काका. माझ्यापेक्षा छोटं."

अक्षता वळली. "मी येत नाहीये, अप्पा. पेपर देणार. राहिला, तर पुन्हा देणार."

अप्पांनी खांदा चोळला. "एक तिकीट रद्द करतो," ते म्हणाले. "आता चहा देशील, की अजून ढकलायला लावणार आहेस?"

पेपर झाला, निकाल यायचाय. चौधरीजींनी मला रंग फासला. त्यावर खडू उमटत नाही, म्हणून अक्षता आता मार्करनं लिहिते. ते म्हणतात, मला काढून लोखंडी दरवाजा बसवणार. बसवा! आधी मला चौकटीतून उपटून दाखवा. बिजागरीत तेल घालायला येणाऱ्यांनाही सांगून ठेवतो, मला गुळगुळीत व्हायचं नाही. आणि निकाल काहीही लागो, ह्या पोरीला कुणी न्यायला आलं, तर आधी माझ्याशी गाठ आहे.