गोलमधून येणारी मोजणी

त्यांच्या तलावावर भिंतीला घड्याळ होतं, पण ओल आणि क्लोरीन खाऊन ते कधीच बंद पडलं होतं, आणि ते बदलणं कुणी मनावर घेतलं नव्हतं. वॉटरपोलोत एखादीने धसमुसळेपणा केला की पंच तिला वीस सेकंद बाहेर काढतो. ती आपल्याच गोलजवळच्या कोपऱ्यात जाऊन थांबते आणि तेवढा वेळ संघ एक जण कमी घेऊन लढतो. सरावात हे वीस सेकंद गोलकीपर मोजायची. तोंडाने, मोठ्याने, चेंडू अडवता अडवता. सरांनी सुरुवातीला मनगटावरच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, फरक सापडेना, मग त्यांनीही नाद सोडला. संघात तिचं नावच घड्याळ पडलं. "घड्याळाला चावी दिली का गं?" असं विचारल्याशिवाय मुली पाण्यात उतरत नसत. तिलाही ते आवडायचं.

प्रादेशिक क्रीडास्पर्धेत मात्र सगळं रीतसर होतं. समोरच्या काठावर अधिकाऱ्यांचं टेबल होतं. शिक्षेची वेळ संपली की तिथली बाई त्या संघाच्या टोपीच्या रंगाचं निशाण वर करायची, आणि मगच बाहेरच्या मुलीने आत यायचं. त्याआधी आली तर थेट पेनल्टी.

"निशाण बघायचं," सर पहिल्या दिवसापासून घोकत होते. "आपलं घड्याळ इथे चालणार नाही."

"ऐकलंस का ताई, तुला रिटायर केलं," धाकटी म्हणाली होती. सगळ्या हसल्या, गोलकीपरही.

धाकटी तिची सख्खी बहीण. तिला पोहायला गोलकीपरनेच शिकवलं होतं, आई साबणाच्या कारखान्यातून परत यायच्या आत. आई तिथे वड्यांना वेष्टणं घालायची. संध्याकाळी तिच्या बोटांची टोकं इतकी गुळगुळीत झालेली असायची की भाजी चिरताना सुरी निसटायची. धाकटीने तिथे जायचं नाही, हे गोलकीपरने मनाशी केव्हाच ठरवलं होतं. शारीरिक शिक्षणाच्या कॉलेजात खेळाडूंसाठी वसतिगृहासकट जागा होत्या, फक्त या स्पर्धेतलं पदक लागायचं, कुठलंही. पुढची स्पर्धा येईपर्यंत धाकटीचं वय उलटून जाणार होतं. आणि कारखान्यातल्या सुपरवायझरने आईच्या शेजारची जागा सोमवारपर्यंतच अडवून धरली होती.

उपांत्य सामना त्या हरल्या. उरली कांस्यपदकाची लढत.

"त्यांच्या त्या सेंटरला हात आहेत की वल्ही?" पाण्यात उतरताना धाकटी पुटपुटली.

"वल्ही असू देत. तू तिच्या पुढ्यात राहा, अंगावर जाऊ नकोस."

"बरं, आजीबाई."

शेवटच्या डावात सात-सात अशी बरोबरी होती आणि एक मिनिटाहून थोडा जास्त वेळ शिल्लक होता. ती वल्ह्यांसारख्या हातांची सेंटर गोलसमोर वळली, धाकटीने मागून तिचा खांदा खाली दाबला, आणि शिट्टी वाजली. धाकटी बाहेर.

ती पाण्याखालून कोपऱ्यात गेली आणि दोरीला धरून थांबली, गोलपासून इतकी जवळ की तिचा श्वास ऐकू येत होता. समोर सहा जणी, इकडे पाच. चेंडू अर्धवर्तुळात फिरू लागला. गोलकीपरच्या मांड्या भरून आल्या होत्या, तरी दोन्ही पाय खाली भोवऱ्यासारखे फिरवत ती छातीपर्यंत पाण्याबाहेर तरंगत होती. डावीकडून फटका आला, तो तिने मनगटाने वर उडवला. चेंडू पुन्हा त्यांच्याच हातात गेला. पुन्हा फिरला.

आपण मोजतोय हे तिला चौदाला कळलं.

आवाज तिचाच होता, मोठा, सरावातला. थांबायला हवं होतं. पण उजवीकडची मुलगी हात मागे नेत होती आणि तोंड आपोआप चालू राहिलं. पंधरा, सोळा. सरावात मोजताना तिचं काळीज जागेवर असायचं, कुणाचं काही अडलेलं नसायचं. आज ते दुप्पट वेगाने धडधडत होतं आणि आकडे त्याच्याच मागोमाग धावत होते. आपली मोजणी काळजाच्या ठोक्याला बांधलेली आहे, हे तपासायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती.

"वीस," ती म्हणाली.

धाकटीने दोरी सोडली.

टेबलावरच्या बाईचा हात अजून खालीच होता. शिट्टी इतकी लांब वाजली की चेंडूवाल्या मुलीनेही दचकून चेंडू सोडला. पंचाने पाच बोटं दाखवली. पाच मीटरवरून पेनल्टी.

पेनल्टी घ्यायला तीच सेंटर आली. गोलकीपर डावीकडे झेपावली, आणि दिशा बरोबर होती. चेंडू तिच्या बोटांना लागला, किंचित वाकडा झाला आणि तरीही आत गेला. त्यानंतर त्यांना एक हल्ला मिळाला. फटका खांबाला लागून परतला आणि वेळ संपली.

कपडे बदलायच्या खोलीत ओल्या टोप्यांचा ढीग पडला होता. कुणी कुणाकडे बघत नव्हतं. सर दाराबाहेरूनच बोलले, आवाज न चढवता, आणि तेच जास्त लागत होतं.

"तुला निशाण दिसलं नाही का?"

"नाही सर. अंदाज चुकला," धाकटी म्हणाली.

"अंदाज कशाला लावायचा मुळात? डोळे आहेत ना?"

"सर, मी मोजत होते," गोलकीपर म्हणाली. "ती माझ्या—"

"मला ऐकूच आलं नाही," धाकटीने तिला तोडलं. "एवढ्या गोंगाटात काय ऐकू येणार? माझीच चूक."

सर निघून गेले. बाकीच्या मुलीही पिशव्या उचलून एकेक करून गेल्या. दोघी बहिणी बाकावर उरल्या. धाकटी वाकून पायाची बोटं पुसत होती, खूप वेळ, एकच बोट.

"तुला ऐकू आलं होतं," गोलकीपर म्हणाली.

"ताई, आता तू गप्प बस. हात जोडते."

फोन वाजला. आईचा होता. धाकटीने उचलला. पलीकडचं सगळं बोलणं तिने मान खाली घालून ऐकलं. गोलकीपरने फोन घ्यायला हात पुढे केला, तशी ती बाकावर थोडी पलीकडे सरकली.

"हो," ती म्हणाली. "सांग त्यांना. सोमवारी येते म्हणावं."