तांड्यातून कुणी जात नाही

पालथा ठेवलेला असूनही फोनच्या कडेतून उजेड सांडत होता — खिडकीच्या कठड्यावर, दाढीच्या पेल्याशेजारी — आणि तो उजेड विझेपर्यंत नागोराव हात न लावता बघत राहिले. मग बोटाच्या टोकाने त्यांनी तो सुलटा केला. 'तुमच्या कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा धोका. तीन दिवसांत पाहणी करा.' तुमच्या. नुसतं कपाशीवर धोका म्हटलं असतं तर त्यांना काही वाटलं नसतं, तसं रेडिओवरही सांगत. पण घरामागच्या दोन एकरांत यंदा तूर सोडून कपाशी लावली, हे यांना कुणी सांगितलं?... परवा महागावच्या दुकानदाराने, त्यांनी तोंड उघडायच्या आधीच, फळीवरची औषधाची बाटली काढून समोर ठेवली होती आणि तो हसला होता. तेव्हा ते हसणं साधं वाटलं होतं. आता वाटेना. सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं. माझंच मला तेवढं मागाहून कळतं.

"काहून बघून राह्यले त्याच्याकडं?" मथुराबाई ओट्यापासून म्हणाल्या. "चावते काय तो?"

"यानं आपली कपाशी पाह्यली."

"पाहू द्या ना. निंदायले येते काय म्हणा त्याले."

नागोराव हसले नाहीत. पेरा नोंदवायला आलेल्या पोराने जुलैत बांधावर त्यांचाच फोटो काढला होता, आणि ते टोपी नीट करून उभे राहिले होते, हे त्यांना आठवलं, पण ते त्यांनी बायकोला सांगितलं नाही. एकदा टोपी नीट करून उभं राहिलं की मग कुणाला विचारायचं, की बाबा, तू काय काय नेलंस?

आज गुरुवार. गुरुवारी ते बंजारा तांड्यावरच्या शाळेत जात. बावीस वर्षं त्यांनी तिथे शिकवलं होतं आणि निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली तरी हा एक वार त्यांनी सोडला नव्हता — वाचताना अडखळणारी चार-पाच मुलं व्हरांड्यात घेऊन बसायचं, घाई करायची नाही, एवढंच काम. पण काल दुपारी तिथल्या आताच्या शिक्षिकेचा, रुपाली मॅडमचा, फोन आला होता. "गुरुजी, यंदा हंगामी वसतिगृहाच्या यादीत आपला तांडाच नाही. उद्या जरा लवकर या." आणि मग थोडं थांबून, "काही जुनं विचारायचं होतं." हे जुनं काय, ते तिने सांगितलं नाही. एसटीत बसल्यावरही नागोराव त्या थांबण्याभोवतीच फिरत राहिले. झरी जामणीकडची मुलगी, दोन वर्षांपूर्वी बदली होऊन आलेली, तोंडावर गोड... चांगली आहे. चांगलीच आहे. पण काही जुनं म्हणजे काय?

दिवाळी होऊन गेली होती. तांड्यावरची माणसं दरवर्षी याच सुमाराला ऊस तोडायला खाली साखरपट्ट्यात जात आणि होळीच्या आगेमागे परत येत. पूर्वी मुलंही त्यांच्याबरोबर ट्रकच्या टपावर बसून निघून जायची आणि आलेली अक्षरं उसाच्या फडात सांडून यायची. वसतिगृह झाल्यापासून ती राहू लागली. दोन वेळचं जेवण शाळेत, निजायला आजा-आजीकडे किंवा शाळेतच. वसतिगृह कसलं, दोन खोल्या आणि एक स्वयंपाकीणबाई. पण त्या दोन खोल्यांनी मुलं धरून ठेवली होती. तो तांडाच यादीत नाही म्हणजे... कुणीतरी मुद्दाम केलं असणार. कुणाच्या तरी गावाला मिळावं म्हणून आमचं काढलं. नाहीतर यादी बनवणाऱ्याला एवढा तांडा दिसत नाही?

फाट्यावर उतरून ते चालू लागले. कापसाचा ट्रक दिग्रसच्या दिशेने गेला. ड्रायव्हरच्या समोर फोन अडकवलेला होता आणि त्यातली बाई त्याला सांगत होती, पुढे डावीकडे वळा. जन्मभर याच रस्त्याने जाणारा माणूस. तोही वळला.

शाळेच्या व्हरांड्यात जमनी बसली होती, मांडीशी तिची पोर जया, तिसरीतली. जया त्यांच्या गुरुवारच्या मुलांपैकी. जूनमध्ये ती तोंड उघडत नव्हती. तांड्यावरच्या मुलाला 'आई' लिहून दाखवलं तर ते नुसतं बघतं, हे नागोरावांना पहिल्या दोन वर्षांत कळलं होतं. म्हणून ते पाटीवर आधी मुलांच्या बोलीतलं 'याडी' लिहीत. जयाने तो शब्द बोटाने चाचपला होता आणि मग वळून थेट आईच्या घराकडे बोट केलं होतं. गेल्या गुरुवारी तिने पहिल्यांदा अख्खं वाक्य न थांबता वाचलं. वाक्य संपल्यावर ती इतकी घाबरली, की तिने पुस्तकच मिटून टाकलं.

"राम राम गुरुजी. यंदा पोरीले घेऊन जातो म्हणते तिचा बाप," जमनी म्हणाली. "खायचं बंद म्हणते मॅडम. अन् आमचा म्हातारा तर आंधळा. त्यालेच कोन रांधून घालते, तं पोरीले कोन घालन?"

"बंद नाही झालं अजून. थांब जरा."

"गाडी थांबते काय?" तिने कमरेची पिशवी उघडून फोन काढला, आणि त्यांच्यापुढे धरला. वाचता येत नसलं तरी नेमका संदेश तिने बरोबर काढला होता. कारखान्याचा. टोळीचा नंबर, तिचं आणि नवऱ्याचं, बादलचं, नाव, दोघं मिळून एक कोयता, गाडी शनिवारी सकाळी सहाला, पहिला फड कुणाच्या शेतात तेही. शेवटी लिहिलं होतं, 'सोबत मुले: १'.

नागोरावांनी तो आकडा पुन्हा पाहिला. "हे तू सांगितलं त्यांना?"

"मी कायले सांगू? मुकादमानं इचारलं होतं बादलले, किती जागा लागन म्हणून."

म्हणजे कारखान्याला ठाऊक आहे. कोणता कोयता, कोणता फड, मागून कोणती पोर... सगळं. इकडे एक यंत्र आमच्या कपाशीची अळी मोजतं, तिकडे एक यंत्र जयासाठी ट्रकमध्ये जागा धरून ठेवतं, आणि ज्याने तिला इथे ठेवायचं, त्यालाच काही दिसत नाही. ही यंत्रं एकमेकांशी बोलत नाहीत की काय? की बोलतात आणि ठरवून... त्यांना आपलंच हसू यायला हवं होतं. आलं नाही.

"गुरुजी, आत या," रुपाली मॅडम दारातून म्हणाल्या. "चहा सांगू?"

"चहा नको. यादी दाखवा. कोणी केली?"

"कोणीच नाही केली हो. तेच तं सांगते." तिने टॅब टेबलावर ठेवला. "आधी साहेब फिरायचे. आता सगळी माहिती एकत्र टाकतात. वीस-पंचवीस वर्षांची हजेरी, निकाल, शाळा सोडल्याचे दाखले. मग ते आपोआप काढते, कोणत्या गावची पोरं जातील अन् कोणत्या गावची नाही. जिथं जातील तिथं वसतिगृह."

"आणि आमच्याबद्दल काय काढलं त्यानं?"

तिने बोटाने पडदा सरकवला. तांड्याचं नाव, आणि पुढे: स्थलांतराची शक्यता अत्यल्प. खाली एक आलेख होता. नागोरावांनी शेकडो मुलांना आलेख शिकवले होते. कुठे चढतो, कुठे उतरतो, का उतरतो, बघा बरं. हा कुठेच उतरत नव्हता. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी... वर्षामागून वर्षं, पाटासारखी सपाट रेघ.

"वसतिगृह नव्हतं तेव्हाही पोरं हजर," रुपाली मॅडम हळू म्हणाल्या. "वसतिगृह आलं तेव्हाही हजर. म्हणून ते म्हणते, वसतिगृहानं फरक पडत नाही. ह्या तांड्यातून कोणी जातच नाही."

"खोटं आहे!" ते इतक्या जोरात म्हणाले, की व्हरांड्यातून जयाने डोकावून पाहिलं. "अख्खा तांडा ओस पडायचा. म्हातारे अन् कुत्रे, एवढेच मागे. माझ्या शेवटच्या वर्षी एक साहेब स्वतः आले, घराघराची कुलपं मोजून गेले, तेव्हा कुठे वसतिगृह मिळालं. कुठून आली ही माहिती? कोणी भरली?"

 तिने एक चित्र उघडलं आणि टॅब त्यांच्याकडे वळवला. मागच्या उन्हाळ्यात जुने हजेरीपट फोटो काढून वर पाठवायला लावले होते, त्यातलं एक पान. पिवळं पडलेलं, वाळवीने एक कोपरा खाल्लेलं. निळी शाई. नीट आखलेले रकाने.

अक्षर कुणाचं, हे ओळखायला क्षणभर लागलं. आपला आवाज दुसऱ्याच्या फोनमधून ऐकावा, तसं.

रेघा होत्या. प्रत्येक नावापुढे, प्रत्येक दिवसाखाली, एक रेघ म्हणजे हजर. पण सगळ्या रेघा सारख्या नव्हत्या, हे फक्त त्यांना माहीत होतं. वरून खाली ओढलेली रेघ म्हणजे समोर बसलेलं मूल, आणि खालून वर ओढलेली, टोकाला जरा पातळ होत गेलेली, म्हणजे फडावर गेलेलं. गैरहजर लिहिलं की नाव कमी होई. नाव कमी झालं की होळीनंतर ते मूल शाळेच्या कुंपणाशी येऊन उभं राही, आणि आत येत नसे. म्हणून त्यांनी ही युक्ती काढली होती. ट्रक निघायच्या आदल्या दिवशी ते प्रत्येक मुलाला एक कोरी वही देत. रोज एक पान भर, कुठेही भर, बैलगाडीखाली बसून भर. भरलेलं पान म्हणजे तू माझ्या वर्गात आहेस. आणि मुलं आणत. रसाने चिकटलेल्या, पाचटाच्या राखेने काळ्या झालेल्या वह्या. सगळी नाही आणत. निम्मी... निम्मीही नसतील. पण नाव कुणाचं कमी झालं नाही. मी खोटं लिहिलं नाही, असं मला तेव्हा वाटायचं. मी आगाऊ लिहिलं.

तपासायला येणारे कुणी साहेब त्या रेघांवर कधी विश्वास ठेवत नसत. बघत, मिशीत हसत, सही करत. सगळ्यांनाच कळत होतं, आणि कळूनही चालत होतं. एकदा तर त्याच शंभर टक्के उपस्थितीसाठी त्यांना आदर्श शिक्षकाची शालही मिळाली होती, आणि ती घेताना ते टाळ्या वाजवणाऱ्या हातांकडे बघत नव्हते. आता हे कुणीतरी नवीन आलं होतं, ज्याने हसून सोडून दिलं नाही. त्याने प्रत्येक रेघ मोजली. प्रत्येक रेघ खरी मानली. इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणीच ठेवला नव्हता.

"उद्या दुपारपर्यंत हरकत घेता येते," रुपाली मॅडम म्हणाल्या. "पण पुरावा लागते. त्या वेळच्या शिक्षकानं लिहून द्यायले पाहिजे, की नोंदी... की तशा नव्हत्या. मग माणूस पाठवून पाहतील."

"आणि माणूस आला म्हणजे आणखी काय काय पाहील?"

तिने टॅबची काच उगाच पदराने पुसली. म्हणजे तिने तोही विचार केला होता. हजर मुलांच्या संख्येवर खिचडीचा तांदूळ येई. नसलेल्या मुलांचा तांदूळही येई. तो नागोरावांनी घरी नेला नव्हता. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या ताटात घातला होता, जमनीच्या सासऱ्यानेही खाल्ला होता, तेव्हा त्याला दिसत होतं. पण हे कुठे लिहिलंय? जे लिहिलं ते खोटं आणि जे खरं ते लिहिलंच नाही. बावीस वर्षं. 'गुरुजींनी पोरांच्या नावावर तांदूळ उचलला' — महागावच्या बाजारात हे वाक्य किती वेगाने फिरेल, कोण कोण हसेल... तो बाटलीवाला दुकानदार हसेल.

आणि ही मॅडम? हिने पान उघडायच्या आधी यादीचं सांगितलं, मला चिडू दिलं, खोटं आहे असं मला म्हणू दिलं. खालून वर ओढलेली रेघ हिला ओळखू येते का? विचारावं का? विचारलं तर उत्तर मिळेल, आणि मग...

"पेपरवाल्यांना सांगू आपण," ते म्हणाले. "यंत्र चुकलं म्हणून."

"सांगू शकतो, गुरुजी." तिचा आवाज अगदी सरळ होता. "पण शनिवारच्या आत पेपरवाल्यानं काय होईल?"

बाहेर जया आईला पुस्तकातलं काहीतरी वाचून दाखवत होती. एका शब्दाशी अडली, मागे आली, पुन्हा गेली. जमनीने विचारलं, "पुढं काय?" आणि जया म्हणाली, "थांब ना याडी, येऊन राह्यलं."

"मी पोरांना जेवायले बसवते," रुपाली मॅडम उठल्या. टॅबवर तिने एक रिकामी चौकट उघडून ठेवली होती. वर लिहिलं होतं, 'नोंद चुकीची असल्यास कारण लिहा'. "मी काही म्हणत नाही गुरुजी. लिहायचं तं लिहा. नाही लिहिलं तरी मी कोणाले बोलणार नाही."

नाही लिहिलं तरी. म्हणजे ओळखते.

खोलीत ते एकटे उरले. बाहेर ताटांचे आवाज सुरू झाले. एक बोट त्यांनी टॅबच्या काचेवर टेकवलं आणि उचललं. मी कुणाचं वाईट केलं? एकाही मुलाचं नाव कापलं नाही. हेच वाक्य ते पुन्हा म्हणून बघत होते, आणि दर खेपेला ते जरा लहान होत होतं. शेवटी त्यात एकही मूल उरलं नाही, नुसते तेच उरले, शाल घेतलेले.

फळ्यावर गणित चुकलं, तर ते मुलाला कधीच सांगत नसत, चुकलं म्हणून. खडू त्याच्याच हातात राहू देत आणि मागे उभे राहत. कितीही वेळ. अर्धा तास गेला तरी घंटेकडे बघत नसत. चूक मुलाला दिसली, की त्यांना चेहरा न बघताही कळे. आधी मान ताठ होई, मग कान तापून लाल होत. पण मूल लगेच पुसत नसे. पुसायच्या आधी ते एकदा वळून बघे. गुरुजींना हे पहिल्यापासून दिसत होतं का, आणि दिसत असूनही ते इतका वेळ गप्प उभे होते का, एवढंच त्याला बघायचं असे.

नागोरावांचे कान तापले होते. वळून बघावं, असं त्यांना फार वाटत होतं; आणि मागे नेमकं कोण उभं असेल, हे काही केल्या कळत नव्हतं.