बिननावाचा सिलिंडर

हिंगणा रोडवर धर्मेंद्र कारचे एसी दुरुस्त करतो. दिवाळीत त्याची बायको सुभद्रा वारली आणि तेव्हापासून त्याला काही म्हणजे काहीच वाटेनासं झालं. हात मात्र सवयीने चालत. गाडी आली की स्क्रू-ड्रायव्हरने व्हॉल्व्ह दाबायचा, जुना गॅस हवेत सोडून द्यायचा आणि जो सिलिंडर हाताशी असेल त्यातला भरायचा. गिऱ्हाईकही तसंच. गार वारा लागला की खूश! कोणता गॅस भरला, हे आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारलं?

एप्रिलात इंदुताई गाडी घेऊन आल्या. तीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलेलं, त्यामुळे प्रश्न विचारायची खोड. धर्मेंद्रने ओढून आणलेल्या सिलिंडरवर नाव नव्हतं, खूण नव्हती.

"हा कोणता गॅस आहे गा?"

"थंड करते न मॅडम. मंग कोणताही असो."

इंदुताईंनी त्याला बॉनेटखालचं, गॅसचं नाव छापलेलं लेबल मोठ्याने वाचायला लावलं आणि मग तासच घेतला. जुन्या गाड्यांतला आर-१२ ओझोनचा थर विरळ करतो, म्हणून तो बंद झाला. मग आर-१३४ए आला. तो ओझोनला धक्का लावत नाही, पण हवेत सोडला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून जास्त उष्णता अडवतो. त्यांच्या नव्या गाडीत आर-१२३४वायएफ होता. त्याने हवा फारशी तापत नाही, पण तो थोडा पेट घेतो, म्हणून गाडीच त्याला धरून बनवलेली असते. एकाच्या जागी दुसरा चालत नाही. आणि असा बिननावाचा स्वस्त माल कित्येकदा स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊबंद निघतो.

"गळला तर गाडीच्या आत येते, अन् मंग एक ठिणगी पुरते," त्या म्हणाल्या. "हा आणखी कोणाच्या गाडीत भरला तू?"

गेल्या सोमवारी मारोतरावच्या व्हॅनमध्ये भरला होता. बेसा वस्तीतली अकरा लेकरं त्या व्हॅनने शाळेत जात.

धर्मेंद्रच्या छातीत धस्स झालं, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. त्याने नुसता फोन लावला.

"मारोतराव, गाडी काढू नका. मी येऊन राहिलो."

त्या दिवशी लेकरांना आईबापांनी आणलं. धर्मेंद्रने जाणता माणूस बोलावून व्हॅनमधला गॅस जपून काढवला. तो खरंच पेट घेणारा निघाला. मारोतरावने विचारलं,

"तुले माहीत होतं का?"

"नाही. मी पाह्यलंच नाही कधी."

मारोतराव पुन्हा त्याच्याकडे आला नाही. धर्मेंद्रला त्याचंही वाईट वाटलं नाही. पण आता तो प्रत्येक गाडीचं लेबल वाचतो, गॅसचं नाव गिऱ्हाईकाला सांगतो, आणि जुना गॅस हवेत सोडत नाही.

मित्रहो, दुःखाने माणूस बधिर होतो, त्याला दोष देता येत नाही. पण बधिर माणसालाही दुसऱ्याच्या लेकरांची काळजी घेता येते, हे धर्मेंद्रने दाखवलं. आपलं तर काहीच हरवलेलं नाही. आपण फक्त विचारायचा कंटाळा करतो.