उघडमिटीचं छप्पर

कोंडीरामने खडकीच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं घण मारला होता, आणि घण मारणाऱ्या माणसाला एक खोड जडते. जे काम आपल्या हाताने होतं त्याला पैसे कशाला मोजायचे, असं त्याला वाटतं. पेन्शनीत निघून तो रिह्याला, आपल्या गावी परत आला तेव्हा साठी जवळ आली होती. तरी भाताचं पोतं एकट्याने पाठीवर घ्यायचा, आणि कुणी हात लावायला आलं तर त्याच्यावरच डाफरायचा.

त्याची बायको चांगुणा. ऐन लावणीत बांधावरून तिचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पुण्याच्या दवाखान्यात दोन महिने काढून ती घरी आली ती बाजेवरच. पाय गेले, हात मात्र धडधाकट होते, आणि तोंड त्याहून धडधाकट.

"आतल्या खोलीत मला ठिवू नगा," तिने पहिल्याच दिवशी बजावलं. "तितं मी माणूस न्हाई, अडगळ वाटतीया."

तिचं सगळं आयुष्य अंगणात गेलेलं. तांदूळ निवडायचे अंगणात, कासारणीशी घासाघीस अंगणात, यष्टीतून कोण उतरलं आणि कुणाची सून रुसून माहेरी चालली याची खबर अंगणात. म्हणून बाज बाहेर आली. पण मुळशीचं आभाळ कुणाच्या बापाचं ऐकतं? सकाळचं कोवळं ऊन हाडांना बरं, दुपारी तेच डोकं भाजतं, आणि चारच्या सुमाराला कुठून तरी एक ढग येऊन सगळं भिजवून जातो. दर वेळी बाज आत न्यायला चार माणसं लागायची, आणि सुगीच्या दिवसांत रिह्यात दिवसाउजेडी चार माणसं घरी सापडणं म्हणजे नवलच.

"अंगणावर कायमचं छप्पर घालतो," कोंडीराम म्हणाला.

"मंग आतल्या खोलीनं काय घोडं मारलंय?" चांगुणा म्हणाली. "मला आभाळ पायजे."

तेव्हा त्याला कारखान्यातली भट्टीची शेड आठवली. तिच्या छपराला पत्र्याच्या पट्ट्या होत्या. साखळी ओढली की पट्ट्या उभ्या राहायच्या आणि धूर बाहेर जायचा, सोडली की एकावर एक बसायच्या. तसंच छप्पर बाजेवर करायचं त्याने ठरवलं आणि पौडहून जयसिंग सुताराला बोलावणं धाडलं.

जयसिंग आला, टेप लावला, चहा प्याला, पुन्हा टेप लावला.

"किती हुतील?" कोंडीरामने विचारलं.

"तात्या, निस्त्या छपराचा भाव इचारू नगा. गप बसणारं छप्पर स्वस्तच असतंय. ह्ये हलणार, म्हंजे सांधा आला की पैसा आला. सगळं मिळून धरा अठराशे."

"अठराशे? अरं, लग्नाचा मांडव घालतोयस व्हय?"

मग जी घासाघीस सुरू झाली, ती चांगुणाने बाजेवर उशीला टेकून मनसोक्त ऐकली. अख्खं अंगण झाकायचं नाही, बाजेपुरतं आणि जवळ दोन माणसं बसतील एवढंच. तिथे तीनशे गळाले. सागवान नको, घरामागचं ऐनाचं झाड तोडू, दोनशे गेले. पत्रा जरा हलका घेऊ. खांबांचे खड्डे कोंडीराम स्वतः खणणार. खड्ड्यांत दगड भरायची कटकट मात्र जयसिंगने सोडली नाही. "हितलं वारं तुमाला ठावं हाय. छप्पर उडून घोटवड्याला गेलं, तर आणाया मी जानार न्हाई," तो म्हणाला. पन्हळही त्याने सोडली नाही, कारण पट्ट्यांवरचं पाणी एका बाजूला निघालं नाही तर ते नेमकं बाजेच्या उशाशी पडणार होतं.

शेवटी उरली कप्पी आणि वजन.

"दोरीच्या दुसऱ्या टोकाला वजन बांधलं म्हंजे पट्ट्या हलक्या हुत्यात," जयसिंग म्हणाला. "एका बोटानं उघडत्यात. त्याचं दोनशे."

"ते काढ. ओढाया मी हाय की."

"तात्या, लाकडात कापा, पत्र्यात कापा. हितं कापू नगा."

"घण मारलाय म्या. बारा पट्ट्या ओढाया मला कप्पी लागती व्हय?"

जयसिंगने एकदा चांगुणाकडे पाहिलं. चारचौघांत नवऱ्याच्या ताकदीला खोटं पाडायचं तिच्या जिवावर आलं.

दिवाळी झाली आणि छप्पर उभं राहिलं. पहिल्या दिवशी कोंडीरामने दोरी ओढली, बाराच्या बारा पट्ट्या खडखडत उभ्या राहिल्या, आणि चांगुणाच्या अंगावर उन्हाचे पट्टे पडले. ती इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. सगळी आळी बघायला लोटली. कोंडीराम येईल त्याला दोरी ओढून दाखवत होता, आणि त्या दिवशी त्याच्याएवढा खूश माणूस मुळशी तालुक्यात नव्हता.

आठ-दहा दिवस असेच गेले. सकाळी उघड, दुपारी मीट, चारला उघड, ढग आला की मीट. मग चांगुणा म्हणायला लागली, "ऱ्हाऊ द्या मिटल्यालं. डोळ्यावर ऊन येतंय." पुढे पुढे तर दिवसातून एकदाही ती उघडायला सांगेना. कोंडीरामला लागलं ते. एवढा खटाटोप केला, आणि हिला त्याचं काहीच नाही?

शेवटी शेजारच्या फुलाबाईनेच त्याला विहिरीवर गाठलं.

"भावजी, तिच्यावर कशाला रुसताय? दोरी ओढताना तुमी व्हट दातात धरता, आन् मंग सांजपातुर खांदा चोळता. बाजंवरनं तिला सगळं दिसतंय."

"काय बी! खांद्याला काय झालंय माझ्या?" कोंडीराम म्हणाला, आणि बादली उचलताना त्याने ओठ दातात धरला.

घरी येऊन तो बाजेच्या कडेला बसला.

"खरं सांग. आभाळ नगं झालं का तुला?"

चांगुणाने गोधडीची शिवण चाचपली.

"पायजे की. पर त्याच्यापायी एक माणूस दिसभर दोरीला बांधून ठिवायचा व्हय? तुमी दोन म्हैनं पौडच्या बाजाराला गेला न्हाईत. खळ्यावर गेलात तरी घटकाभरानं धावत येताया. मी बाजंला खिळलीया त्ये खिळलीया, तुमाला बी खिळवून ठिवलंय. मला न्हाई ग्वाड लागत त्ये ऊन."

आपण हिच्यासाठी छप्पर केलं आणि त्याची दोरी मात्र आपल्या हातात ठेवली, हे कोंडीरामला तेव्हा कळलं, आणि मनातून तो फार लाजला. हिला आभाळ पाहिजे एवढंच त्याने ऐकलं होतं, ते कुणाच्या हाताने उघडावं हे विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या यष्टीने तो जयसिंगकडे गेला.

"आता म्हाग पडंल, तात्या," जयसिंग म्हणाला. "तवा दोनशेत बसत हुतं. आता पट्ट्या सोडायच्या, दांडा बदलायचा, कप्पी बसवायची. चारशे."

"कर."

खिळ्याखिळ्याला हुज्जत घालणारा माणूस एका शब्दात 'कर' म्हणाला, तेव्हा जयसिंगच गडबडला आणि आपणहून पन्नास कमी केले.

वजनाला लोखंड आणायचं म्हणत होते, तर चांगुणा म्हणाली, "माझं जातं हाय की. गिरणी आल्यापासनं कोण दळतंय? वरल्या तळीला भोक बी आयतं हाय." जात्याची वरची तळी दोरीला टांगली गेली, आणि दोरीचं दुसरं टोक बाजेच्या कडेच्या दांडीला, तिच्या उजव्या हाताशी आलं.

पुढच्या बाजाराला चांगुणाने त्याला घरातून जवळजवळ हाकलूनच काढलं. तो गेला खरा, पण पौडात त्याचं चित्त लागेना. मिरच्या घेतल्या त्या ओल्या निघाल्या, चपलेला अंगठा शिवायला दिला आणि चप्पल तिथेच विसरला. चार वाजून गेल्यावर यष्टीतून उतरून अनवाणीच तो लगबगीने वाटेला लागला.

वळणावरून घर दिसायचं. छपराच्या पट्ट्या मिटलेल्या होत्या. दोरी अडकली असेल? हात पोचत नसेल? तेवढ्यात बाराही पट्ट्या अलगद उभ्या राहिल्या. तो थबकला. पट्ट्या मिटल्या. पुन्हा उघडल्या. पुन्हा मिटल्या, पुन्हा उघडल्या.

आपल्याला पाहून ती हाक मारतेय, असं आधी त्याला वाटलं. पण बाजेवरून हे वळण दिसत नाही, हे त्याला पक्कं माहीत होतं. घरात कुणी नव्हतं, कुणी बघत नव्हतं, आणि चांगुणा आपल्या आभाळाशी एकटीच खेळत होती.

कोंडीराम तिथेच बांधावर बसला आणि उपरणं तोंडाला लावून रडला. मग लगेच घरी गेला नाही. तिचं मन भरेपर्यंत तो तिथेच बसून राहिला.