रुखवतात मांडलेले मासे

वन्संच्या हातांना पाण्याचा वास यायचा. साबणाचा नव्हे, फिनेलचा नव्हे. मुरलेल्या, शेवाळलेल्या, जिवंत पाण्याचा. थंडीतल्या सकाळी नगरच्या सावेडीतल्या आमच्या घरात पूर्वेच्या खिडकीतून तिरपं ऊन यायचं, काचेच्या टाकीत शिरून हिरवट व्हायचं, आणि त्या प्रकाशात कोपरापर्यंत हात बुडवून वन्सं इतक्या निश्चल उभ्या असायच्या की मासे त्यांच्या बोटांमधून निर्धास्त ये-जा करायचे.

नलिनी त्यांचं नाव, माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला होत्या. लग्नानंतर दोनच वर्षांत नवऱ्याचं घर सोडून परत आल्या. का आल्या हे त्यांनी सांगितलं नाही आणि आम्हीही कधी धड विचारलं नाही. विचारण्यापेक्षा कुजबुजणं सोपं, नाही का?

पुण्याहून त्यांनी सहा एंजल मासे आणले, नाण्याएवढे, पाण्याने फुगलेल्या पिशवीत, एसटीत मांडीवर धरून. रुपेरी अंगावर काळे उभे पट्टे, आणि चालीत असा काही डौल की बघणाऱ्याने आपसूक हळू बोलावं. त्यांच्यात नर कोण, मादी कोण, हे वरून कळत नाही. सगळे एकत्र वाढवायचे आणि वाट पाहायची. जोडीदार ते स्वतः निवडतात. कर्जतचे मामा, म्हणजे सासूबाईंचे भाऊ, हे ऐकून खो खो हसले. “घोडेगावच्या बाजारात म्या नुसते दात बघून बैलाचं वय सांगतो, आन् हे कसलं येडं जनावर गं नले?”

“मामा, यांचं लग्न आपण लावायचं नसतं,” वन्सं म्हणाल्या.

वर्ष गेलं. बोअरचं पाणी जड म्हणून वन्संनी गच्चीवरच्या पिंपात पावसाचं पाणी साठवलं, वीज जाऊन हवेचा पंप थांबला की तासन्‌तास वाटीने पाणी ढवळलं. अखेर दोघांची जोडी जमली. बाकीचे चार दुसऱ्या टाकीत गेले. टाकीत तिरक्या टेकवलेल्या शाळेच्या पाटीवर मोहरीएवढी, पारदर्शक अंडी ओळीने उमटली. दोनदा त्या जोडीने स्वतःचीच अंडी खाल्ली. सासूबाई म्हणाल्या, “जिला संसार टिकवता आला नाही, तिच्या हाताखाली आणखी काय होणार?” माझ्या अंगाची लाही लाही झाली, आणि मी पोळ्या लाटत राहिले.

तिसऱ्या खेपेला मात्र नवल घडलं. दोघं आळीपाळीने पाटीपुढे थांबून परांनी अंड्यांवर वारा घालू लागले, पांढरं पडलेलं एखादं अंडं तोंडाने अलगद टिपून दूर करू लागले. वन्संनी घरातला रेडिओ बंद करवला. स्वतः अनवाणी चालू लागल्या. “उद्यापर्यंत अंडी फुटून पिलं निघतील,” हे त्यांनी मला कानात सांगितलं, जणू ते बाळंतपण त्यांच्याच घरचं होतं. इतक्या आनंदात मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नगरातच मामांच्या मुलीचं लग्न होतं. हळदीला वन्संना बोलावणं नव्हतं. नवऱ्याला सोडून आलेल्या बाईचा हात नवरीला लागू नये, एवढीच मामींची इच्छा! म्हणून वन्सं लग्नाच्या दिवशीही सकाळीच कॉलेजात गेल्या. आणि त्या गेल्यावर मामा टेम्पो घेऊन दारात. “आक्का, रुखवतात ह्यी जोडी लई झकास दिसंल. लोकं बघतच ऱ्हातील.” सासूबाईंनी क्षणाचाही विचार न करता होकार दिला. मी म्हटलं, “वन्संना विचारू या का? अंडी आहेत.” सासूबाईंनी नुसतं पाहिलं. हातातली बांगडी काढून ठेवून टाकीचं झाकण मी उचललं. जाळी मी दिली. दुसरं कुणी नाही.

रुखवतात लाडूंचे डोंगर, लोकरीचे ससे, आणि मधोमध काचेच्या बाऊलमध्ये ती दोघं. पुढे पुठ्ठ्यावर लिहिलेलं: जोडी जन्माची. ज्या बाईचा हात अशुभ, तिने वाढवलेली जोडी मात्र शुभ! लाज कशी वाटली नाही आम्हाला? व्हिडिओवाल्याचा प्रखर दिवा दर पाच मिनिटांनी त्या बाऊलवर पडायचा आणि मासे काचेवर आपटायचे. लोक म्हणायचे, “अय्या, नाचतायत!”

पंगती उठत असताना वन्सं आल्या, घरची रिकामी टाकी बघून थेट, प्रयोगशाळेच्या डागाळलेल्या कोटातच. मामा आडवे झाले. “नले, चारचौघांत शोभा करू नगं. संध्याकाळी म्या सोता आनून देतो.”

“संध्याकाळी काय आणून द्याल, मामा?” एवढंच त्या म्हणाल्या, आणि बाऊल छातीशी धरून निघाल्या. मादी आडवी झाली होती. ती रिक्षातच गेली.

मी मागोमाग घरी पोचले. त्यांनी नराला टाकीत सोडलं. तो थोडा वेळ कोपऱ्यात थरथरत राहिला, मग पाटीकडे गेला आणि एकेक करून सगळी अंडी खाऊन टाकली. वन्सं हात बांधून बघत होत्या. मी रडत कबूल केलं की झाकण मी उचललं. “ठाऊक आहे. टाकीपाशी तुझी बांगडी राहिली होती,” असं म्हणून त्या आत गेल्या. चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षाच्या आत त्यांनी बदली मागून घेतली. नंतर सणावारीही फारशा आल्या नाहीत, आणि मग एका आजारपणात गेल्याच.

त्या लग्नाची कॅसेट मामांकडे अजून लावतात. तिच्यात मासे आहेत, दिव्याखाली झळाळणारे, लोकांना नाचत असल्यासारखे वाटणारे. वन्सं कुठेच नाहीत. अपशकुन नको म्हणून त्या आल्या तेवढा भाग व्हिडिओवाल्याला काढायला सांगितला होता. काळाने माणूस पुसलं तर त्याच्याशी भांडता येत नाही म्हणतात. पण वन्संना काळाने नाही पुसलं, आम्ही पुसलं, त्या जिवंत असताना.